पावसाळ्यातला उभा ट्रक

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. उसाचा हंगाम सरला की या भागातले कितीतरी ट्रक थेट दिवाळीपर्यंत उघड्यावर उभे. लडाखात गाडीला भय थंडीचं; त्यासाठी उणे 33 अंशांतही वाहणारं डिझेल 2019 साली आलं. आपल्याकडे भय पाण्याचं.

"डिझेलात पैसा कशाला अडकवा?" म्हणून मालक टाकी रिकामी ठेवतो. ही काटकसर उलटी पडते. रिकाम्या टाकीतली हवा दिवसा तापून बाहेर पडते. रात्री निवली की आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. तिच्यातली वाफ पत्र्यावर थेंबथेंब जमते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. गुरुजींना हे वर्गात सहज दाखवता येईल. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. तिथं गंज चढतो, चिकट गाळ धरतो आणि पहिल्याच फेरीला फिल्टर तुंबतो. पंपात पाणी शिरलं तर मग खर्च विचारू नका.

म्हणून टाकी जवळजवळ काठोकाठ भरावी. वर कुलूप हवंच! बॅटरीची तार सोडावी, सायलेन्सरचं तोंड झाकावं, चाकांखाली फळ्या द्याव्यात. आठवड्याला पाच मिनिटं इंजिन घुरघुरवण्याची रीत मला पटत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, ओल आतच राहते.

हंगामाच्या तोंडावर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेची बाटली धरावी. खाली पाणी, वर डिझेल, स्पष्ट दिसतं. निव्वळ डिझेल येईपर्यंत किल्ली फिरवू नये.