जागतिकीकरण, पर्यावरण आणि आपले दुकान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त राणीसावरगाव येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जागतिकीकरण म्हटले की डोळ्यांसमोर मॉल आणि परदेशी मोटारी उभ्या राहतात. आपल्या बालाघाटच्या माळावर ते फार निराळ्या रूपाने अवतरले. ते आले बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटातून.

तसे पाहता कापसाला परदेशगमन नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इकडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जात होता. परंतु तेव्हा माल बाहेर जाई आणि बी घरात राही. निजामी राजवटीत नांदेड-परभणीकडचा गावराणी कापूस नावाजलेला होता. चांगली सरकी जपून ठेवावी, मृगात तीच पेरावी, उरलेली गाई-म्हशींना घालावी, असा तो क्रम होता.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. पुढील दहा-बारा वर्षांत देशातील ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र या कापसाखाली गेले. वाण संकरित असल्याने घरची सरकी पेरून तसे पीक येत नाही; पाकीट दरवर्षी विकत घ्यावे लागते. प्रारंभी बोंडअळीवरील फवारणी खरोखर घटली, उत्पन्नही वाढले. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण पुढे मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचा उपद्रव वाढला, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

हे सांगताना मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. ती पाकिटे आणि त्या बाटल्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून मी स्वतः विकल्या आहेत. दूरच्या कारखान्यातले विष शेतापर्यंत पोहोचते ते शेवटी आपल्यासारख्या व्यापाऱ्याच्या हातून.

श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने शास्त्रात सांगितली आहेत. त्यांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, आहे. तळी-सरोवरे शोषून कोरडी करणेही आहे. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, ही शाश्वत विकासाची व्याख्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केली. कर्मादानांची यादी तिच्याहून कित्येक शतके जुनी आहे. आपण ती भाद्रपदात भक्तिभावाने ऐकतो आणि मृग लागताच दुकान उघडतो!

पाण्याचेही तसेच. गाळलेल्या पाण्यातील जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडावी, असा आपला जुना दंडक. शेकडो फूट खोल बोअरमध्ये ती कोणी आणि कशी सोडावी?

उपाय अगदीच नाही असे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या महबूब बाग संशोधन केंद्रात देशी कापसाचे लांब धाग्याचे सरळ वाण तयार झाले आहेत. त्यांची मुळे खोल जातात, रसशोषक किडींचा त्रास कमी होतो आणि सरकी पुन्हा पेरता येते. बोंड लहान, त्यामुळे वेचणीला मजूर अधिक लागतात, हे त्यांचे उणे. विक्रेत्याला त्यात दरवर्षीची मिळकत नाही, हे दुसरे. ते आपण मोठ्याने बोलत नाही.

आता दुकान मुलगा पाहतो. हे सारे मी त्याच्यापुढे मांडले तेव्हा तो म्हणाला, “बाबा, मग दुकान कशावर चालवायचे?” पुरते उत्तर मला देता आले नाही. या हंगामापासून त्याने एवढे केले आहे की, अत्यंत विषारी औषधे मागविणे बंद केले. उरलेल्या प्रत्येक बाटलीबरोबर हातमोजे आणि मास्क तो विनामूल्य देतो, पंपाला किती औषध घालायचे ते पावतीवर मराठीत लिहून देतो, आणि देशी वाणाचे बी कोणी मागितले तर परभणीहून आणून देतो. पहिल्या वर्षी मागणारे तिघे निघाले.