दुष्काळी माळावरची वाइन

पुण्यापुढे सांगली-सोलापूरचा कोरडा द्राक्षपट्टा लागतो. आज बोलूया द्राक्षवेलींच्या वयाविषयी आणि वाइनविषयी.

युरोपात हिवाळ्यात वेल झोपते, त्यामुळे काही बागा शंभर वर्षांनंतरही फळतात. आपल्या उष्ण हवेत तिला ही विश्रांती मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते आणि बाग लवकर थकते. म्हणूनच आपल्याकडे जुनी, निरोगी बाग हे मोठं धन आहे. पाणी कमी आणि जमीन खारवट असेल, तर डॉगरिज खुंटावर केलेलं कलम तग धरतं.

बेताच्या पाण्यावर मणी लहान राहतात. रसाच्या मानाने साल जास्त असते आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा सालीतूनच येतो. साखर साधारण 22 ते 24 ब्रिक्सवर आली, की पहाटेच्या गारव्यात काढणी करावी आणि लगेच गाळपाला घ्यावं. बागेला लागून असलेल्या लहान, घरगुती वायनरीला हे सहज साधतं.

राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने अशा उद्योगांना वाट करून दिली. मात्र उत्पादन शुल्क विभागाचा परवाना अनिवार्य आहे. शिराझ, शेनिन ब्लां यांसारख्या वाणांना खाण्याच्या द्राक्षांसारखी बाजारपेठ नाही. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, आधी खरेदीचा लेखी करार करा, मगच लागवड करा.