केशराला बी नसतं



रब्बीच्या तोंडावर कोणी गावात येतो, पुडी दाखवतो अन् म्हणतो, "अमेरिकन केशराचं बियाणं आहे, एकरी लाखांनी पैसा." पैसे मोजण्याआधी एवढं ध्यानात धरा, की खऱ्या केशराला बी धरतच नाही.

केशर हे आयरिस फुलाच्या कुळातलं. फार जुनं, माणसानंच सांभाळलेलं वाण. रानात ते आपोआप उगवत नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. म्हणून फूल येतं, पण बी भरत नाही. आपल्या केळीसारखंच की! तेव्हा हळदीसारखं बेणं राखायचं, कंद लावायचे, दुसरी वाट नाही.

काश्मीरात पांपोरकडे उंच, सपाट जमिनी आहेत. तिकडे त्यांना करेवा म्हणतात. तिथं जुलै ते सप्टेंबरात कंद लावतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जांभळी फुलं येतात. सकाळीच खुडायची, अन् एका फुलात लाल तंतू तीनच. ग्रॅमभर वाळलेल्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. भाव उगीच नाही. कंद आठ-दहा ग्रॅमहून लहान असला तर फुलाची आशा कमी, आणि पाणी साचलं की तो सडलाच. फूल बाहेर पडायला हवा १५ ते १७ अंशांवर उतरावी लागते. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा! अलीकडे काही जण बंद खोलीत हवा थंड करून फुलं काढतात, पण तेही कंदापासूनच, आणि विजेचं बिल धरून हिशेब करावा लागतो.

मग पुडीत काय असतं? बहुधा आपली करडईच. पांढरं, टणक कवच दिसलं की ओळखा. तयार 'केशर' विकायला आणलं, तर तंतू पाण्यात भिजवून पाहा. केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा पसरतो. करडईच्या पाकळीची बारीक नळी असते, टोकाला फाटे फुटलेले.

करडईला मी नावं ठेवत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेची 'नारी-६' बिनकाट्यांची आहे, तिच्या पाकळ्या खुडताना हात रक्तबंबाळ होत नाहीत. फूल मलूल झाल्यावर खुडा, म्हणजे दाणाही हाती राहतो. मात्र पाकळ्यांना गिऱ्हाईक आधी पाहून ठेवा. आणि बियाणं कुठलंही असो, लेबल व पावतीशिवाय घेऊ नका. कोणी फसवलंच तर पुडी न फेकता पावतीसकट तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे न्या.