नाटक बघणारी घरं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. पाण्याचे टँकर, लिफ्ट आणि पार्किंग यांवर आधीचे वक्ते सविस्तर बोललेच आहेत. माझ्यानंतर मुलांचं नाटक आहे, म्हणून मी नाटकावरच बोलतो.

मी मूळचा सांगलीचा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, त्यामुळे नाटक ही आपल्याच घरची गोष्ट असं आम्ही समजतो. माझे आजोबा बालगंधर्वांचे भक्त. त्या काळी बायका बालगंधर्वांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल करत, त्यात आमची आजीही होती. पण आजोबांचा धाकटा भाऊ चौदाव्या वर्षी घरातून पळून नाटक कंपनीत गेला, तेव्हा याच आजोबांनी त्याचं नाव टाकलं. पुढे बोलपट आले, कंपन्या बुडाल्या, आणि तो एक दिवस दारात येऊन उभा राहिला. आत्या सांगायची, आजीने त्याला पानावर वाढलं, पण ओसरीवर. आजोबा त्या दिवशी घरी जेवले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी नाटकाचं तिकीट मात्र काढलं होतं.

माझ्या वडिलांनी मला एकाच वाक्यात सांगितलं होतं, "नाटक बघायला पैसे देईन, करायला देणार नाही." मी शिकायला पुण्याला आलो. पुरुषोत्तम करंडक 1963 पासून सुरूच होता. कॉलेजच्या तालमीबाहेर उभा राहून मी दुसऱ्यांची वाक्यं पाठ करायचो, पण आत जायचं धाडस झालं नाही.

धाडस झालं ते बँकेत लागल्यावर, म्हणजे 1973 नंतर. संध्याकाळी कॅश टॅली झाली की आमची तालीम. राज्य नाट्य स्पर्धेच्या पुणे केंद्रावर आम्ही दोन नाटकं केली. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं आणि स्पर्धाही त्याच सुमारास. एका डोळ्यासमोर लेजर आणि दुसऱ्यासमोर संहिता! दुसऱ्या नाटकात परीक्षकांनी माझ्या कामाची दखल घेतली. (हे सांगायची संधी मी गेली पन्नास वर्षं सोडलेली नाही.)

मग 1982 साली ऑफिसरचं प्रमोशन आलं. बँकेतल्या मंडळींना ठाऊक आहे, प्रमोशन म्हणजे बदली. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी तालमीसाठी प्रमोशन नाकारलं आणि ते क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. मी घेतलं आणि मराठवाड्यात गेलो. त्या दोघांना मी तेव्हा मनातून वेडे म्हणत होतो. रत्नाकर मतकरी जवळजवळ वीस वर्षं बँक ऑफ इंडियात होते आणि 1978 मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन-नाटकाकडे वळले. डॉ. श्रीराम लागूंनी 1969 मध्ये चांगली चाललेली डॉक्टरकी सोडली. ही उदाहरणं मी लोकांना कौतुकाने सांगायचो. आपल्याच पोरांनी ती ऐकली तर काय, हा विचार कधी डोक्यात आला नाही.

ब्रँच मॅनेजर असतानाचा एक किस्सा. एक नाट्यनिर्माते कर्ज मागायला आले. मी विचारलं, "तारण काय?" ते म्हणाले, "साहेब, तारखा आहेत हातात." नाट्यगृहाच्या तारखा! चांगल्या थिएटरची शनिवार-रविवारची तारीख म्हणजे नाटकवाल्याची जमीनच, हे मला कळत होतं. पण फॉर्मवर तसा रकाना नव्हता. मी नाही म्हटलं. पुढे त्यांचं ते नाटक मी सहकुटुंब पाहिलं. मध्यंतरात त्यांनी ओळखलं आणि वडा-चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मुलीला विचारूनच सांगतो आहे, ती समोर बसली आहे.

आपण सगळे इथे राहायला आलो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, 2001. ती शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजच्या एकांकिकेत काम करत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा फॉर्म तिने आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी माझ्या वडिलांसारखं नाही म्हटलं नाही. मी सुधारलेला बाप! मी म्हटलं, "बघू." दुसऱ्या आठवड्यातही म्हटलं, "बघू." मग तारीख उलटून गेली. ती काहीच बोलली नाही. तिने सी.ए. केलं, उत्तम केलं. आपल्या सोसायटीचे हिशेबही तीच तपासून देते, फुकट.

आणि आता तिची मुलगी बारावीत आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकायचं म्हणते. तिची आई म्हणते, "आधी बी.कॉम. कर, हाताशी प्लॅन बी हवा." नात माझ्याकडे आली, "आबा, तुम्ही सांगा ना आईला." खरं सांगतो, माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो "बघू". मी तो गिळला आणि मुलीकडे गेलो.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला तेव्हा थांबवलंत. 2020 मध्ये ह्यांची नोकरी गेली, तेव्हा माझ्या सी.ए.वर घर चाललं. त्याच वेळी नाट्यगृहं बंद होती. प्रयोग झाला तर नाईट मिळणार, अशा पडद्यामागच्या माणसांच्या घरी चूल कशी पेटली असेल? मग तुमचं बरोबर होतं की चूक, तेवढं सांगा. मी वीस वर्षं विचार करतेय."

मला उत्तर देता आलं नाही. कर्जाच्या फाईलवर मी अर्ध्या तासात निर्णय द्यायचो. तिची भीती खोटी नाही, आणि माझीही नव्हती. पण एक कबूल करतो, जे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. मी पोटापाण्याचा हिशेब मांडलाच नव्हता. तीन वर्षं दिल्लीला किती खर्च येतो, शिकून आलेली मुलं पुढे काय करतात, यातलं काही मी विचारलं नाही. त्या अनोळखी निर्मात्याला निदान तारण तरी विचारलं होतं. मुलीला तेवढंही विचारलं नाही. लोक काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, आणि खरं म्हणजे मी प्रमोशन घेऊन जे सोडलं ते हिला कसं मिळावं, हेही त्यात होतं. हे शेवटचं मला गेल्या महिन्यात कळलं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

मी नातीच्या नावाने एक ठेव ठेवली आहे. तीन वर्षांची फी आणि वर थोडं. मुलीला ते आवडलेलं नाही. आमच्या घरी सध्या जेवताना टीव्ही जरा मोठ्याने लावतात. फॉर्म भरायचा की नाही, हे दोघी मायलेकी ठरवतील. मी मध्ये पडणार नाही असं वचन दिलं आहे, पण ठेव मोडणार नाही.

आजचं नाटक नातीनेच बसवलं आहे. सोसायटीतली अठरा मुलं, त्यातली चार तालमीत भांडून रुसलेली. कपडेपटाचा आणि सेटचा खर्च तिच्या आईने पै-पैचा लिहून ठेवला आहे आणि काल रात्री बारा वाजेपर्यंत पुठ्ठ्याचं झाडही तिनेच रंगवलं. हात अजून हिरवे आहेत, बघा.

तिसरी घंटा द्यायची आहे, उतरा, असं मला विंगेतून खुणावत आहेत. बी विंग नव्हे, ही इथली. मोबाईल बंद करा आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनो, माझ्यासकट, वाक्यं आधी बोलू नका.