वार्धक्य आणि व्यायाम : काही गैरसमज

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. इस्पितळात ३१ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे हाडांच्या वॉर्डात. तेव्हा मी जे सांगणार आहे ते थोडे वाचलेले आणि बरेचसे पाहिलेले आहे. एक गोष्ट मात्र माझ्या घरातली आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची असताना मोरीत घसरून पडली. एक्स-रे काढला. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिला खाटेवर निजवले. "जन्मभर राबलीस, आता पडून राहा." जेवण खाटेवर, चहा खाटेवर. वहिनी धावून धावून करायची, मी ड्यूटीवरून आले की पाय चेपायची. महिन्याभराने मार बरा झाला, पण आई उठेना. उभे केले की पाय लटलट कापत. डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन चाळीचे तीन जिने चढणारी बाई, तिला खाटेपासून दारापर्यंत न्यायला दोन माणसे लागू लागली. वॉर्डात खुब्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी उभे करणारी मी, आणि घरी आईला महिनाभर मीच झोपवून ठेवले!

पडून राहण्याने काय होते हे मोजलेले आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच धडधाकट तरुणांना प्रयोगासाठी तीन आठवडे अंथरुणावर ठेवले आणि त्यांची श्रम करण्याची क्षमता किती घटली ते पाहिले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. आमची आई तर वीस वर्षांची नव्हती.

आजारात विश्रांती लागतेच, मी ती नाकारत नाही. पण डॉक्टर "आराम करा" म्हणाले की आपण मान डोलावून घरी येतो. त्यांना एक प्रश्न विचारून यावे, "पेशंटला उठवायचे कधी?"

दुसरी समजूत आपल्या वस्तीत फार ऐकू येते. "आम्ही जन्मभर कष्ट केले, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" गिरणीत, गोदीत, सफाई खात्यात ज्यांनी हाडाची काडे केली, त्यांच्या तोंडी हे शोभते. कष्टाचा फायदा होतो हेही खरे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. पण कंडक्टर निवृत्त होऊन घरी बसला की पुढे काय? नोकरीत प्रॉव्हिडंट फंड साठतो, ताकद साठत नाही. ती ज्या त्या महिन्यालाच कमवावी लागते.

तिसरी समजूत याच्या उलट टोकाची. "आता या वयात ताकद थोडीच येणार?" बोस्टन येथील एका वृद्धांच्या संस्थेतील प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. दहा जण, सरासरी वय नव्वद. आठ आठवडे देखरेखीखाली त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली.

आमच्या घरी यंत्र नव्हते, खुर्ची होती. खुर्चीवर दोन उशा ठेवून बैठक उंच केली आणि आईला उठ-बस करायला लावले. पहिल्या दिवशी दोनदा, तीही मला धरून. पंधरवड्याने पाच वेळा. मग एक उशी काढली. तीन महिन्यांनी ती ओट्याशी उभी राहून भाजी निवडू लागली. पुढे गॅलरीच्या टोकापर्यंत एकटी जाऊ लागली. तीन जिने मात्र तिला पुन्हा एकटीने उतरता आले नाहीत. त्या एका महिन्याची किंमत तिने शेवटपर्यंत मोजली.

इथे सुनांच्या बाजूने एक शब्द बोलायचा आहे. सासूने पाण्याचा तांब्या स्वतः उचलला की शेजारीण म्हणते, "म्हातारीला कामाला जुंपली." या एका वाक्याच्या भीतीने सून सासूच्या हातातले सूपसुद्धा काढून घेते. तेव्हा आज्यांनो, हे तुम्हीच शेजारणीला सांगायचे की मी माझ्या मर्जीने करते.

"गुडघ्यातले वंगण संपले, आता चालू नका," हाही एक सल्ला फुकट मिळतो. गुडघ्याला सांभाळतो तो मांडीचा स्नायू. चालणे बंद केले की तो वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. थोडे दुखले तर चालेल, सूज आली तर थांबावे, दाखवून घ्यावे. खाली मांडी घालून बसवत नसेल तर खुर्ची घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

आता दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. म्हणजे नातवाच्या शाळेपर्यंत जाऊन येणेही वाया जात नाही. पण नुसते चालून तोल सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलाव्यात, मग एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे. मोरीत आपण पडतो ते तोल जातो म्हणून.

बीपी, साखर, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरू करावे, पण सुरू करावे. जोर लावताना श्वास रोखू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये. छातीत दुखले, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबावे आणि उपचार घ्यावेत.

बरेच बोलले. कार्यक्रमपत्रिकेत यानंतर चहा आहे. तो जागेवर आणून देऊ नका, असे मी कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. चहा मागच्या टेबलावर मिळेल. उठताना ज्यांना जमेल त्यांनी खुर्चीचे हात धरू नयेत, ज्यांना जमणार नाही त्यांच्या शेजारी मी उभी आहे.