विणलेल्या कोटाला कात्री

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटे आहेत. त्यांतील फेअर आइल हे चिमुकले बेट रंगीत विणकामामुळे जगप्रसिद्ध झाले. तेथील नक्षीत रंग पुष्कळ, परंतु एका ओळीत बहुधा दोनच. न विणावयाचा धागा पाठीमागून सैल न्यावयाचा. तो ताणला की विणकाम आक्रसलेच!

कोटही प्रथम नळीसारखा गोल विणतात. मग मधोमध राखलेल्या जादा टाक्यांवर चक्क कात्री चालवून तो पुढून उघडतात. आमच्या सूनबाईने गतवर्षी शेटलंडची लोकर मागवून मजसाठी असा कोट विणला. चार महिन्यांचे श्रम, आणि कात्री दिली माझ्या हाती! ही केसाळ लोकर टाके सहसा सुटू देत नाही, हे ठाऊक असूनही हात थरथरला. एकही टाका उसवला नाही. बाह्या तेवढ्या बोटभर लांब झाल्या आहेत.