कळसूबाईच्या अटी

शिरूर-दौंडच्या सपाट रानात वाढलेल्या आपल्याला डोंगर ठाऊक तो भूगोलाच्या पेपरापुरता. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, एक गुण. नावाची गोष्ट कुणी विचारली नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावाकडची लोककथा सांगते, की कळसू कामाला राहिली ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. अट मोडली, तशी ती उठली आणि डोंगरावर जाऊन राहिली. (मुलाखती घेते मी, इतक्या स्पष्ट अटी सांगणारी एकही आली नाही.) आता वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. त्या नव्हत्या तेव्हाही बायका नवरात्रात दर्शनाला चढत. मैत्रिणींनो, यंदा आपण जाऊ. घरची भांडी कोण घासणार, ते घरच्यांनी ठरवावं.